धागा : एआय कोडिंग सहायकाला ‘वाचायला उघड’ म्हटलं की नेमकं काय व्हावं? (मराठी आणि अहिराणी मजकुरासाठी)

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी.

क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय हे टर्मिनलमध्ये (कमांड टंकायच्या काळ्या खिडकीत) चालणारे एआय सहायक आता नुसता कोड लिहीत नाहीत. आराखडे, वापराच्या सूचना, चाचणीचे अहवाल, सगळं मार्कडाउन (साध्या खुणांनी सजवलेला मजकूर) फाइलीत लिहून देतात. ठिबक नियंत्रकाचा वीस पानी आराखडा किंवा विकास सोसायटीच्या हिशोब प्रणालीची माहितीपुस्तिका काळ्या खिडकीत वर-खाली सरकवत वाचणं त्रासाचं आहेच. मजकूर मराठी असला तर ते वाचणंच राहत नाही. बहुतेक टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा चौकोन देतात. आपली जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी त्या चौकोनात बसत नाहीत, म्हणून वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते आणि हलन्त सुटा लोंबतो. ब्राउझरमध्ये अक्षरजुळणी नीट होते, म्हणून वाचायचं ते ब्राउझरमध्येच.

अडचण सांगण्याच्या भाषेत आहे. ‘ती फाइल दाखव’ म्हटलं की सहायक फाइल स्वतः वाचतो आणि उत्तरात पुन्हा टंकतो. लांब असेल तर मधला भाग गाळतो किंवा सारांश देतो, आणि टंकताना शब्द बदलू शकतो. देवनागरीला त्याच मजकुराच्या इंग्रजीपेक्षा टोकनही (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) जास्त लागतात, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून ‘वाचायला उघड’ या दोन शब्दांचा अर्थ त्याला एकदाच लिहून द्यावा. क्लॉड कोडसाठी प्रकल्पाच्या मुळाशी ‘क्लॉड.एमडी’, कोडेक्ससाठी ‘एजंट्स.एमडी’, जेमिनीसाठी ‘जेमिनी.एमडी’. (या विभागात सगळं देवनागरीत लिहायचं असल्याने फाइलींची नावं आणि कमांड उच्चाराप्रमाणे देतोय. टंकताना मूळ रोमनमध्ये टंका. सहायकांच्या सूचना-फाइलींची नावं मोठ्या लिपीत, शेवटचं ‘.एमडी’ मात्र लहान लिपीत.)

सूचना मराठीत चालते. ही जशीच्या तशी घ्या:

> मी ‘वाचायला उघड’ म्हटलं की फाइल स्वतः वाचू नको, मजकूर टर्मिनलवर छापू नको, सारांश देऊ नको.
> मूळ फाइलीला हात लावू नको.
> फक्त वाचन स्क्रिप्ट त्या फाइलीच्या पत्त्यासह चालव.
> ब्राउझर एकदाच उघड. तीच फाइल पुन्हा सांगितली तर नुसतं रूपांतर कर, नवा टॅब नको.
> शेवटी तयार झालेल्या फाइलीचं नाव एका ओळीत सांग.

‘वाचन स्क्रिप्ट’ म्हणजे मार्कडाउनचं एचटीएमएल करून ते ब्राउझरमध्ये उघडणारी, आपण एकदाच लिहून ठेवायची छोटी कमांड-फाइल. तिच्यात खरं काम पँडॉक हा रूपांतर करणारा प्रोग्राम करतो. विंडोजवर विंगेटने, मॅकवर ब्रूने, उबुंटूवर ॲप्टने बसतो. कमांड अशी:

> पँडॉक -एफ जीएफएम -एस --एम्बेड-रिसोर्सेस --सीएसएस वाचन.सीएसएस --टीओसी -एम लँग=एमआर -एम टीओसी-टायटल=अनुक्रम आराखडा.एमडी -ओ वाचन/आराखडा.एचटीएमएल

इथे -एम मोठ्या लिपीतला. ‘-एफ जीएफएम’ विसरू नका. पँडॉकच्या स्वतःच्या मार्कडाउनमध्ये परिच्छेदाला चिकटून लगेच यादी सुरू झाली, मध्ये रिकामी ओळ नसली, तर ती यादी धरली जात नाही आणि सगळे मुद्दे एका ओळीत सलग येतात. सहायक तर बहुतेक वेळा तशाच चिकटलेल्या याद्या लिहितात. जीएफएम म्हणजे गिटहबची पद्धत, तिच्यात हा घोळ होत नाही.

‘--एम्बेड-रिसोर्सेस’मुळे चित्रं, सीएसएस (पानाच्या सजावटीची फाइल), फाँट सगळं एका फाइलीत येतं. ती फाइल उचलून कुठेही न्या, नेट नसलं तरी उघडते. हा पर्याय पँडॉक २.१९ पासून आहे. उबुंटू २२.०४ च्या भांडारात २.९ मालिकेतला जुना पँडॉक आहे, तो ‘अनोळखी पर्याय’ म्हणून थांबतो. तिथे त्याऐवजी ‘--सेल्फ-कंटेन्ड’ वापरा.

पांझरा (धुळे)

दादा, पद्धत बरोबर आहे. उघडण्याच्या पायरीबद्दल लिहितो, कारण अडतं ते तिथेच.

मॅकवर ‘ओपन’, लिनक्सवर ‘एक्सडीजी-ओपन’, विंडोजवर ‘स्टार्ट’. विंडोजवाली कमांड दिसते सोपी पण फसवी आहे. स्टार्टला अवतरणचिन्हांत दिलेली पहिली गोष्ट तो खिडकीचं शीर्षक समजतो. फाइलीच्या पत्त्यात मोकळी जागा असली (‘माय डॉक्युमेंट्स’सारखी) की सहायक पत्ता अवतरणात घालतो, आणि मग ब्राउझर न उघडता एक रिकामी काळी खिडकी उघडते. तिच्या माथ्यावर आपला पत्ता शीर्षक म्हणून झळकत असतो. ते दिसलं की कारण हेच. आधी रिकामी अवतरणचिन्हं, मग अवतरणातला पत्ता:

> स्टार्ट "" "सी:\कामं\सोसायटी हिशोब\वाचन\आराखडा.एचटीएमएल"

दुसरं, विंडोजवर सहायक कमांड बऱ्याचदा गिट बॅश या (गिटबरोबर येणाऱ्या) कमांड-खिडकीतून चालवतो. तिथे ‘सीएमडी /सी स्टार्ट’ लिहिलं तर गिट बॅश त्या ‘/सी’ला सी ड्राइव्हचा पत्ता समजून बदलतो आणि कमांड चालतच नाही. दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात : ‘//सी’.

डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांसाठी : ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’ने उघडायचं, पण पत्ता आधी ‘डब्ल्यूएसएलपाथ -डब्ल्यू’ने विंडोजच्या रूपात बदलून. लिनक्सचा पत्ता तसाच दिला तर डॉक्युमेंट्स फोल्डर उघडतं. आणि एक्सप्लोरर फाइल नीट उघडूनही परतीचा आकडा १ देतो. १ म्हणजे चूक, असं सहायक समजतो आणि पुन्हा प्रयत्न करतो, मग तिसऱ्यांदा वेगळ्या कमांडने. एकाच आराखड्याचे चार टॅब उघडलेले दिसले तर सहायकाला दोष देऊ नका. स्क्रिप्टच्या शेवटी ‘एक्झिट ०’ लिहा, प्रश्न मिटतो.

सातपुडा (शहादा)

लिनक्सवाल्यांनी एक जागा टाळावी. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप (बंदिस्त पॅकेज) स्वरूपात येतो. त्याला मुळाचं ‘टीएमपी’ फोल्डर दिसत नाही आणि घरच्या फोल्डरातली टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरंही दिसत नाहीत. सहायकांना तात्पुरती फाइल टीएमपीत टाकायची सवय असते. फाइल तिथे असते, आकारही बरोबर असतो, तरी फायरफॉक्स ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो. ‘.क्लॉड’ फोल्डरात ठेवली तरी तेच होणार. म्हणून तापीकाठ यांनी दिलंय तसं प्रकल्पातलंच साधं ‘वाचन’ फोल्डर बरं. गिटइग्नोरमध्ये त्याचं नाव घाला, म्हणजे गिट ते नोंदवणार नाही.

आणखी दोन बारकावे. पँडॉक चित्रांचा पत्ता मार्कडाउन फाइलीपासून मोजत नाही, कमांड जिथे चालली त्या फोल्डरापासून मोजतो. सहायक कायम मुळाशी उभा असतो, त्यामुळे ‘डॉक्स’ फोल्डरातल्या आराखड्याची चित्रं गायब होतात. ‘--रिसोर्स-पाथ’ला फाइलीचं फोल्डर द्या. आणि ‘रीडमी’ नावाच्या फाइली प्रत्येक फोल्डरात असतात. सगळ्या ‘वाचन’मध्ये आल्या की एकीवर दुसरी चढते, तेव्हा तयार फाइलीच्या नावात मूळ फोल्डराचं नाव जोडा.

वाघूर (भुसावळ)

तापीकाठ दादांच्या सूचनेतली ‘फाइल स्वतः वाचू नको’ ही ओळ टोकन वाचवण्यासाठी म्हणून दिली आहे. माझ्या मते तिचं खरं महत्त्व वेगळं आहे आणि ते मोठं आहे.

सहायकाने फाइल वाचली म्हणजे तिचा मजकूर मॉडेलच्या सर्व्हरवर गेला. सभासदांची यादी, खाते क्रमांक, आधार क्रमांक, कुणाच्या थकबाकीचा तक्ता, हे वाचायला उघडण्यासाठी बाहेर जाण्याचं काहीच कारण नाही. स्क्रिप्टला नुसता पत्ता दिला तर मजकूर तुमच्याच संगणकावर राहतो. क्लॉड कोडमध्ये फाइलीच्या नावाआधी ‘@’ लावलं की फाइलीचा मजकूर लगेच संभाषणात ओढला जातो. ‘@सभासद.एमडी वाचायला उघड’ असं लिहिलंत तर खालची सूचना कितीही कडक असो, मजकूर गेलेला असतो. ‘@’ न लावता साधा पत्ता लिहा : ‘डॉक्स/सभासद.एमडी वाचायला उघड’.

बाहेरून आलेल्या कागदांचं तर आणखी वेगळं. मेलमधून आलेल्या एखाद्या दस्तऐवजात सहायकालाच उद्देशून लपवलेल्या सूचना असू शकतात. त्याने तो वाचलाच नाही तर त्या सूचनांना लक्ष्यच उरत नाही. मार्कडाउनमध्ये कच्चं एचटीएमएल आणि त्यात स्क्रिप्टही असू शकते, ती पँडॉक जशीच्या तशी पुढे जाऊ देतो आणि तुमच्या ब्राउझरमध्ये ती चालते. परक्या फाइलीसाठी ‘-एफ जीएफएम-रॉ_एचटीएमएल’ लिहा. मधल्या उणे चिन्हाने कच्चं एचटीएमएल बंद होतं. शिवाय ‘--एम्बेड-रिसोर्सेस’ बाहेरच्या पत्त्यावरची चित्रं नेटवरून ओढून आणतो, म्हणजे तुम्ही कागद उघडलात हे पाठवणाऱ्याला कळू शकतं. परक्या फाइलीला तो पर्याय नको, आणि ती नेट बंद ठेवून उघडा, कारण पर्याय नसला तरी ब्राउझर तीच चित्रं ओढतो.

परवानगीबद्दल : क्लॉड कोड दर वेळी ‘ही कमांड चालवू का’ विचारतो. कंटाळून लोक ‘पँडॉकच्या सगळ्या कमांड चालव’ अशी मोकळीक देतात. पँडॉकच्या ‘-ओ’ने कुठलीही फाइल पुसून नवी लिहिता येते, हे ध्यानात ठेवा. सेटिंग्जच्या जेसन फाइलीत फक्त तुमच्या एका वाचन स्क्रिप्टला परवानगी द्या. बाकी विचारू द्या.

गिरणा (चाळीसगाव)

ताई, ‘@’चा मुद्दा लाखमोलाचा. एक जोड : रूपांतराऐवजी व्हीएस कोड या संपादकातच उघडायचं असेल तर ‘कोड फाइल.एमडी’ ही कमांड संपादकात उघडते, पूर्वदृश्यात नाही, आणि पूर्वदृश्य उघडायला कमांडमध्ये वेगळा पर्याय नाही. सहायक असा पर्याय स्वतःच रचून पाहतो आणि अडतो. उपाय : सेटिंग्जमध्ये ‘वर्कबेंच.एडिटरअसोसिएशन्स’खाली ‘*.एमडी’साठी ‘व्हीएसकोड.मार्कडाउन.प्रिव्ह्यू.एडिटर’ लिहा. मग मार्कडाउन थेट सजलेल्या रूपात उघडतं. संपादन करायचं तेव्हा टॅबवर उजवी टिचकी मारून ‘रीओपन एडिटर विथ’. एरवी हाताने पूर्वदृश्याला कंट्रोल-शिफ्ट-व्ही.

फायदा असा की सहायक फाइल बदलत गेला की पूर्वदृश्यही लगेच बदलतं, आणि पूर्वदृश्यात स्क्रिप्ट मुळातच अडवलेल्या असतात. तोटा असा की ओळ खिडकीभर लांब पसरते. मोठ्या पडद्यावर एका ओळीवरून दुसरीवर येताना डोळा चुकतो. ‘मार्कडाउन.स्टाइल्स’मध्ये स्वतःची सीएसएस देऊन रुंदी बांधावी लागते.

अहिराणी ओटा (अमळनेर)

अहिराणी मजकूर हाताळणाऱ्यांनी हे नक्की वाचावं.

‘हे नीट दिसेल असं एचटीएमएल करून दे’ असं सहायकाला सांगितलं, स्क्रिप्टचं नाव घेतलं नाही, तर तो स्वतः एचटीएमएल लिहायला बसतो. म्हणजे सगळा मजकूर पुन्हा टंकतो. मग ‘डोया’चा डोळा होऊ शकतो, ‘काया’चा काळा, ‘शे’चं आहे. त्याच्या लेखी ती शुद्धलेखनाची दुरुस्ती असते. आपल्या लेखी भाषाच पुसली जाते. लोकगीतांचं संकलन किंवा शब्दसंग्रह यांत असे बदल वरवर वाचताना लक्षातही येत नाहीत, कारण वाक्य तर बरोबरच वाटतं. रूपांतर प्रोग्रामनेच व्हायला हवं. पँडॉकला भाषा कळत नाही, तो अक्षराला धक्का लावत नाही, आणि नेमकं तेच हवंय.

दिसण्याची चाचणी घ्यायला अहिराणीसारखी भाषा नाही. फाइलीच्या सुरुवातीला ही एक ओळ टाका:

> काय चाली ऱ्हायनं भो?

‘ऱ्हा’वर लक्ष ठेवा. चंद्रकोरीसारखा आडवा अर्धा र ‘ह’च्या डावीकडे चिकटून दिसला तर सगळं ठीक. तो ‘ह’च्या डोक्यावर रफार होऊन बसला (र्हा) तर चूक फाइलीतच आहे : नुक्त्याच्या ‘ऱ’ऐवजी साध्या ‘र’ला हलन्त लावून टंकलंय. दऱ्या आणि दर्या यांतला फरक हाच. असं सापडलं तर सहायकाला ‘सगळीकडे बदल’ म्हणू नका, कारण सूर्य, कार्य, दर्या इथला रफार योग्यच आहे. ‘र, हलन्त, ह’ अशी जोडी असलेल्या ओळी क्रमांकासह दाखव म्हणा, आणि माणसाने पाहून ठरवावं.

तापीकाठ (जळगाव)

अहिराणी ओटा भाऊ, ही ओळ आता वाचन स्क्रिप्टबरोबर कायमची ठेवावी अशीच आहे. तिच्याच आधाराने मराठी बिघडल्याची तीन रूपं ओळखता येतात. रूप पाहिलं की कारण कळतं, उगाच सगळं बदलत बसावं लागत नाही.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले : फाँटच नाही. विंडोजमध्ये निर्मला, मॅकमध्ये कोहिनूर, अँड्रॉइडमध्ये नोटो देवनागरी असतोच. कोऱ्या लिनक्सवर ‘फाँट्स-नोटो-कोअर’ किंवा ‘फाँट्स-लोहित-देवा’ बसवा.

प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं दिसली, आणि दर तिघांत पहिलं रोमन ‘ए’ डोक्यावर तिरकी रेघ असलेलं, त्याच्यामागे बहुतेक वेळा चार कोपऱ्यांना चार काड्या फुटलेलं छोटं वर्तुळ : एन्कोडिंग चुकलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. त्यांना तीन वेगळी रोमन अक्षरं समजून छापलं की हे रूप दिसतं. फाइल बहुधा शाबूत असते, वाचणारा चुकलेला असतो. एचटीएमएलच्या माथ्यावर ‘मेटा कॅरसेट यूटीएफ-८’ नसेल तर असं होतं. पँडॉकला ‘-एस’ दिलं की ती ओळ आपोआप येते. -एस गाळला की फक्त मजकुराचा तुकडा मिळतो, डोकं नसतं.

अक्षरं ओळखू येतात पण वेलांटी चुकीच्या बाजूला, हलन्त सुटे, जोडाक्षरं फुटलेली : फाँट आहे, एन्कोडिंग ठीक आहे, अक्षरजुळणी होत नाही. बहुतेक टर्मिनलमध्ये हे होणारच. ब्राउझरमध्ये दिसलं तर मजकूर आधीच फुटक्या क्रमाने साठवलेला आहे. पीडीएफमधून काढलेल्या मजकुरात असंच असतं.

पांझरा (धुळे)

दुसऱ्या रूपात पॉवरशेलची भर. विंडोज १० आणि ११ बरोबर येणारं पॉवरशेल ५.१ हे बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नसलेली यूटीएफ-८ फाइल जुन्या एन्कोडिंगची समजून वाचतं, आणि ‘>’ चिन्हाने लिहिलं तर यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. सहायकाने मजकूर पॉवरशेलच्या नळीतून (पाइपमधून) पँडॉककडे पाठवला तर तिथेच खराब होतो, आणि पँडॉकला फक्त यूटीएफ-८ समजतं. फाइलीचा पत्ता थेट पँडॉकला द्या, मध्ये नळी नको. पॉवरशेल ७ मध्ये हा त्रास नाही.

फाइलींची नावं मराठीत ठेवली तर गिट त्यांच्या जागी तिरकी रेघ आणि ३४०, २४४ असे आकडे दाखवतो. ते बिघडलेलं नाही. ‘कोअर.कोटपाथ फॉल्स’ केलं की नाव दिसू लागतं.

बोरीकाठ (पारोळा)

जुन्या कागदांचं काय? संस्थांकडे श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांतली वर्डची परिपत्रकं ढिगाने आहेत.

तापीकाठ (जळगाव)

बोरीकाठ आप्पा, ते कागद या रस्त्याने नेऊ नका. त्या फाँटांत मराठी अक्षराच्या खाली खरा साठवलेला कोड रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा असतो. फाँट फक्त त्याच्यावर मराठी मुखवटा चढवतो. पँडॉक फाँट टाकून देतो आणि मजकूर ठेवतो, म्हणून समोर येतो तो रोमन अक्षरांचा चिवडा. नुसतं वाचायचं असेल तर सहायकाला सांगा, मूळ वर्ड फाइल आहे तशी वर्डमध्ये किंवा लिब्रे ऑफिसमध्ये उघड. फाँट बसवलेला असला की पुरे.

युनिकोड करायचं असेल तर त्या-त्या फाँटाच्या तक्त्यावर चालणारा परिवर्तक हवा. सहायकाला ‘हा चिवडा वाचून मराठी कर’ म्हणू नका. तो अंदाजाने सुंदर मराठी लिहील. वाक्यं पटतील, पण गट क्रमांक आणि आडनावं चुकलेली असतील, आणि परिपत्रकात त्यांनाच किंमत आहे.

पीडीएफही तशीच उघडा. पीडीएफमध्ये बऱ्याचदा अक्षरं दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी. मजकूर काढला की ती आधीच्या अक्षराला चिकटते.

केळीबाग (रावेर)

वाचन.सीएसएस कोणी दिली नाही, म्हणून माप देतो. हे देवनागरीसाठीचं आहे. इंग्रजी पानांवरून उचललेली मापं इथे कमी पडतात.

अक्षर २० पिक्सेल. ओळीची उंची १.७५. इंग्रजीला १.५ पुरतं, पण आपल्याकडे वर मात्रा-रफार-अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार, दोन्ही बाजूंनी चिन्हं असतात, १.५ वर ती एकमेकांना भिडतात. मजकुराची रुंदी ३४ एम (अक्षराच्या मापाच्या ३४ पट), दोन्ही बाजूंना समास आपोआप. रुंदी ‘सीएच’ या एककात देऊ नका. सहायक बहुतेक वेळा ‘६५ सीएच’ लिहितो. सीएच म्हणजे त्या फाँटातल्या रोमन शून्याची रुंदी, देवनागरीशी तिचा संबंध नाही, फाँट बदलला की ओळीची लांबी भलतीकडेच जाते.

‘लेटर-स्पेसिंग’ शून्यच ठेवा. इंग्रजी शीर्षकांना शोभा यावी म्हणून सहायक ते घालतो आणि मराठीत शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं. उजवी कड जुळवायच्या फंदातही पडू नका. मराठी शब्द लांब, ओळीत शब्द कमी, त्यामुळे मध्ये मोठे खड्डे पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं.

फाँट ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’. लांब वाचनाला तीरो देवनागरी मराठी चांगला, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. वर ‘लँग=एमआर’ दिलंय ते याच्यासाठीही लागतं : ज्या फाँटात हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात तिथे मराठी वळण भाषेची खूण पाहून निवडलं जातं. फाँटाची फाइल प्रकल्पात ठेवून ‘@फाँट-फेस’ने जोडली की ती एचटीएमएलमध्येच भरली जाते.

कोडच्या चौकटीला आणि तक्त्याला आडवं सरकण्याची सोय (ओव्हरफ्लो-एक्स ऑटो) द्या, नाहीतर फवारणीचा आठ रकान्यांचा तक्ता सगळं पान ओढून रुंद करतो. पार्श्वभूमी फिकट मलई, शाई गडद करडी. काळ्या पार्श्वभूमीचा आग्रह नको. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी दाराजवळ बसलं तर काळा पडदा आरशासारखा होतो, अक्षरं दिसत नाहीत.

लळिंग (धुळे)

काही जण क्लॉड कोडमध्ये हुक (ठरावीक घटनेनंतर आपोआप चालणारी कमांड) लावतात : ‘राइट’ साधन वापरलं गेलं की मार्कडाउन आपोआप उघड. मी याच्या विरोधात आहे. सहायक एक आराखडा पाच-सहा वेळा लिहितो-सुधारतो, दर वेळी ब्राउझर पुढे येऊन तुमचं टंकन अडवतो. हुक लावायचाच तर त्यात फक्त रूपांतर ठेवा, उघडणं नको. उघडा टॅब एफ५ने ताजा करा. मॅकवर ‘ओपन -जी’ दिलं तर ब्राउझर मागेच राहतो, तेवढं चालेल.

मर्मेडच्या (मजकुरात लिहून काढायच्या) आकृत्या या रस्त्याने आकृत्या म्हणून येत नाहीत, कोडच दिसतो. सहायकाला आधी ‘मर्मेड-सीएलआय’ने त्यांची एसव्हीजी करायला सांगा. ते साधन बसताना सोबत एक ब्राउझरही उतरवतं, म्हणून चांगलं नेट असताना एकदाच बसवून ठेवा.

सातपुडा (शहादा)

मोबाइलवर वाचायचं असेल तर एकच फाइल आहे, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, क्रोमने उघडते. बाहेर पाठवायची नसेल तर पायथनचा छोटा सर्व्हर:

> पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८००० --डिरेक्टरी वाचन

इथे -एम लहान लिपीतला. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा, ‘आयपीकॉन्फिग’मधला पत्ता आणि ‘:८०००’ मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाका. इंटरनेट बंद असलं तरी चालतं. ‘--डिरेक्टरी वाचन’ गाळू नका, नाहीतर त्या जोडणीवरच्या कुणालाही सगळा प्रकल्प दिसतो, पासवर्डच्या फाइलींसकट. विंडोजची फायरवॉल विचारेल तेव्हा ‘प्रायव्हेट’पुरती परवानगी द्या. सहायकाला सर्व्हर पार्श्वभूमीत चालवायला सांगा, समोर चालवला तर ती कमांड संपतच नाही आणि तो ताटकळत राहतो. वाचून झालं की बंद कर, हेही सांगा. तो आपणहून बंद करेल असं धरू नका.

वाघूर (भुसावळ)

ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी : हीच एचटीएमएल एजमध्ये उघडून कंट्रोल-शिफ्ट-यू दाबलं की वाचून दाखवतो. आवाजांच्या यादीत मराठीचे ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ आहेत, त्यांना नेट लागतं. हे आवाज ऑनलाइन आहेत, म्हणजे मजकूर बाहेर जातो, तेव्हा सभासदांच्या यादीला हे वापरू नका.

बोरीकाठ (पारोळा)

सभेत वाटायला छापील प्रत हवी असते. ब्राउझरमधून कंट्रोल-पी केलं तर तक्ते पानाच्या मध्ये तुटतात आणि मलई पार्श्वभूमीचं काय होतं?

केळीबाग (रावेर)

आप्पा, पार्श्वभूमी ब्राउझर सहसा छापत नाही, ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर खूण असेल तरच छापतो. तरी सीएसएसमध्ये छपाईसाठी वेगळा भाग लिहा : ‘@मीडिया प्रिंट’. त्यात पार्श्वभूमी पांढरी, शाई काळी, अक्षर १२ पॉइंट, रुंदीची मर्यादा काढलेली. ‘@पेज’मध्ये ए-४ आणि चारही बाजूंना १८ मिमी समास. फायलीत लावायची प्रत असेल तर डावा समास २५ मिमी करा, पंचिंगची भोकं मजकुरावर येत नाहीत. तक्त्याच्या ओळींना आणि कोडच्या चौकटींना ‘ब्रेक-इनसाइड अव्हॉइड’, शीर्षकांना ‘ब्रेक-आफ्टर अव्हॉइड’, म्हणजे शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहत नाही. पडद्यासाठी तक्त्याला जी आडवं सरकण्याची सोय दिली ती या भागात काढून टाका, कागदावर सरकता येत नाही आणि उजवीकडचे रकाने कापले जातात. रकाने आठापेक्षा जास्त असतील तर तेवढा तक्ता आडव्या पानावर वेगळा छापा.